बोडोदिनाच्या आदल्या दिवशी

कोलकात्यातलं काम २३ डिसेंबरलाच आटोपलं आणि परतीचं तिकीट होतं २५च्या रात्रीचं, आझाद हिंद एक्स्प्रेसचं. मधला अख्खा दिवस रिकामा. रात्री फोनवर ही म्हणाली, "आता आहातच तिथे, तर केक घेऊन या. तिथला म्हणे नावाजलेला असतो."

"कुणाकडचा?"

"ते मला काय माहीत? तिथे तुम्ही आहात की मी?"

एवढ्या भांडवलावर २४ तारखेला सकाळी मी बाहेर पडलो. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात उतरलो होतो. तिथून जतीन दास पार्क हे मेट्रोचं स्टेशन पाच मिनिटांवर. देशातली पहिली मेट्रो ती हीच, ऑक्टोबर १९८४मध्ये सुरू झालेली, आणि माझा बहुतेक प्रवास त्याच सर्वांत जुन्या पट्ट्यातला. थंडी म्हणाल तर साताऱ्याच्या माणसाला स्वेटरची घडीसुद्धा मोडावी लागू नये इतपत. पण डब्यातली निम्मी मंडळी माकडटोप्या आणि मफलर गुंडाळून अशी बसली होती, की गाडी थेट दार्जिलिंगलाच चालली असावी.

आपण म्हणतो नाताळ. हा शब्द पोर्तुगिजांनी दिला, गोवा-वसईच्या वाटेनं आपल्याकडे आला आणि इतका मुरला, की परका वाटतच नाही. बंगाली माणूस म्हणतो 'बोडोदिन', म्हणजे मोठा दिवस. इथून दिवस मोठा व्हायला लागतो, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. पोर्तुगीज तर बंगालातही होतेच. पाव आपण त्यांच्याकडून घेतला, बंगाल्यांनीही घेतला आणि त्याला रोटी जोडून 'पाउरुटी' केलं. सणाचं नाव मात्र त्यांनी स्वतःचं ठेवलं. मला वाटतं, त्यामुळेच हा सण कुणाचा, हा प्रश्न तिथे फारसा कुणाला पडत नसावा. शांतिनिकेतनात तर १९१०पासून २५ डिसेंबरला ख्रिस्तोत्सव होतो; तो रवींद्रनाथांनी सुरू केला.

एस्प्लनेडला उतरून न्यू मार्केट गाठलं. लाल विटांची ही इमारत १ जानेवारी १८७४ला उघडली. देशी बाजाराच्या गर्दीत साहेबलोकांना खरेदी नको होती, म्हणून महापालिकेनं त्यांच्यासाठी बांधलेला हा बाजार. आज तिथली गर्दी बघून त्या साहेबांना भोवळ आली असती. दारापाशीच कागदी चांदण्या, कापसाची दाढी आणि प्लास्टिकच्या ख्रिसमस झाडांचे ढीग लागले होते. दुकानं विचारत विचारत नाहूमपाशी पोचलो, तर दुकान दिसण्याआधी रांगच लागली.

नाहूम इस्रायल मोर्देकाई हे बगदादी ज्यू. त्यांनी १९०२मध्ये धंदा सुरू केला तो दारोदार माल पोचवून. न्यू मार्केटातलं दुकान १९१६चं. तेव्हापासून कोलकात्याचा नाताळ या ज्यू दुकानाच्या फ्रूट केकशिवाय होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास शहरात काही हजार ज्यू होते. पुढे कुणी इस्रायलला गेले, कुणी इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला. आता जेमतेम मूठभर उरलेत. केकच्या रांगेत मात्र सगळं शहर उभं होतं: शंखाच्या बांगड्या घातलेल्या बायका, ऑफिसला दांडी मारलेले बाबूलोक, हिजाबातल्या दोन कॉलेजकन्यका, एक मारवाडी जोडपं (बिनअंड्याचं काही आहे का याची चौकशी करणारं).

माझ्या पुढच्या माकडटोपीनं मागे वळून विचारलं, कुठून आलात? महाराष्ट्र म्हटल्यावर तो गृहस्थ खदखदून हसला. "बोर्गी!" अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तिथल्या बारगीर स्वारांचे तिकडे 'बोर्गी' झाले, आणि त्यांची भीती घालून पोरांना झोपवायचं अंगाईगीत आजही घरोघर म्हटलं जातं. त्या धास्तीनं १७४२मध्ये कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो मराठा खंदक पुढे बुजवला आणि त्याच्या काठानं सर्क्युलर रोड झाला. हे सगळं त्यानं मला रांगेत उभ्याउभ्या, अत्यंत प्रेमानं सांगितलं. आमच्याकडे शाळेत हा भाग दोन ओळींत उरकतात. मी ओशाळून म्हणालो, या वेळी फक्त केक न्यायला आलोय.

आत जुनं लाकडी काउंटर, काचेची कपाटं आणि लोण्याचा वास. एक पौंडाचा फ्रूट केक मिळाला. अक्रोडाचा आहे का विचारलं तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "शेष." मी खूश होऊन पाकीट काढलं. तो पुन्हा म्हणाला, "शेष, दादा, शेष!" मागची रांग हसायला लागली तेव्हा कुठे उजेड पडला: मराठीत शेष म्हणजे उरलेलं, बंगालीत शेष म्हणजे संपलेलं. एकाच संस्कृत शब्दानं असा दगा द्यावा!

हिचं काम झालं होतं. खरं तर तिथूनच परतायचं. पण माकडटोपीवाले बाहेर थांबले होते. म्हणाले, "केक विकत घेतलात. पण करतात कसा ते बघायचं असेल, तर तालतल्याला जा."

न्यू मार्केटपासून पूर्वेला वीसेक मिनिटं चाललं की रफी अहमद किडवाई रोड लागतो. त्याच भागात साल्दान्हांची बेकरी आहे. गोव्याहून आलेल्या या कुटुंबानं १९३०मध्ये ती सुरू केली आणि अजून घरचीच माणसं चालवतात. तिथे नारळाची मॅकरून दिसली आणि एकदम म्हापशाच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटलं. दोन घेतली, एक तिथेच संपवलं.

तालतल्याच्या गल्ल्यांतल्या बेकऱ्यांना मात्र दुकान म्हणवत नाही. मी गेलो ती म्हणजे काळवंडलेल्या भिंतींची एक लांबट खोली. मागच्या भिंतीत लाकडावर पेटणारी भट्टी, तिचं तोंड बुटकं, माणसानं वाकून बघावं असं. एरवी वर्षभर तिथे पाव, बिस्किटं, खारी होते. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात साधा माल जवळपास बाजूला पडतो, आणि शहरातली ख्रिस्ती घरं आपापलं सामान घेऊन येतात. मैदा, साखर, लोणी, अंडी, महिनाभर रममध्ये भिजत घातलेला सुकामेवा, सगळं घरचं. बेकरीचं ते फक्त हात आणि आग. त्याची मजुरी पौंडावर.

खोलीत पाऊल टाकलं आणि मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे गेलो. दिवाळीच्या आधी आठवडाभर आई मला घेऊन पेठेतल्या भट्टीवर नानकटाई करायला जायची. मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा पिशवीत. तिथे नंबर लावायचा, आपल्या पत्र्यांवर चिठ्ठी चिकटवायची आणि मग डोळ्यांत तेल घालून बसायचं. कारण शेजारणीचं तूप आपल्यात जाण्याची भीती नसते, आपलं तिच्यात जाण्याची असते. भट्टीवाले चाचा मुसलमान, सण आमचा, आणि अर्ध्या पेठेची दिवाळी त्यांच्या हातची. त्याचं तेव्हा कुणाला काही वाटत नसे. त्याआधी तीन पिढ्या मात्र वाटत होतं. पुण्यात १८९०मध्ये पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून केवढं ग्रामण्य माजलं आणि टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं, ते आपण वाचलेलं असतं.

इथेही तेच चित्र. भिंतीला टेकून स्टुलांवर बायका बसलेल्या, प्रत्येकीच्या पायांशी पिशव्या. समोर जमिनीवर मोठाले गमले. बंगालीत गमला म्हणजे आपली परात आणि घमेलं यांच्या मधलं काहीतरी, खोलगट. त्यासमोर मांडी ठोकून मिस्त्री बसतो. बेकरीत केक करणाऱ्यालाही इथे मिस्त्रीच म्हणतात. साठीचे, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, अंगात गंजीफ्रॉक. त्यांनी लोणी आणि साखर गमल्यात टाकली आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घालून फिरवायला सुरुवात केली. चमचा नाही, यंत्र नाही. तळहात सपाट ठेवून गमल्याच्या कडेकडेनं गोल, मग मध्ये एक झटका. दहा मिनिटांत पिवळं लोणी पांढरं झालं, साखरेची करकर थांबली. मग अंडी, एकेक फोडून. प्रत्येक अंड्यानंतर पुन्हा तोच गोल. मी विचारलं, यंत्रानं लवकर नाही का व्हायचं? हात न थांबवता म्हणाले, "मशीनला लोणी कधी फाटणार ते कळत नाही. हाताला कळतं." घाईनं अंडी घातली की मिश्रण फाटतं, थंडीत तर हमखास, हे त्यांनी मला दाखवलंही: कडेला किंचित दही पडल्यासारखे कण दिसले, तसा त्यांनी चिमूटभर मैदा भुरभुरवला आणि पुन्हा फिरवलं. कण गायब.

तो गमला होता एका विशी-बाविशीच्या अँग्लो-इंडियन मुलीचा. हातात रेघांची जुनी वही, पानांवर तुपकट डाग. आजीची वही. आजी मार्चमध्ये गेली. आतापर्यंत दर वर्षी तीच यायची. पोरीनं फोन पिशवीला टेकवून ठेवला होता आणि त्यात तिची आत्या, ऑस्ट्रेलियातून, सूचनांचा भडिमार करत होती. "काळी साखर घातलीस का?" काळी साखर म्हणजे साखर करपेपर्यंत तापवून त्यात पाणी घालून केलेला दाट पाक. केकचा तो गडद रंग चॉकलेटचा नसतो, याचा असतो. आणि प्लम केकमध्ये आलुबुखार शोधायला जाल तर तोही सापडायचा नाही. जुन्या इंग्रजीत प्लम म्हणजे मनुका, बेदाणे. पोरीनं छोटी बाटली काढली, जपून थोडा पाक ओतला, जराशानं आणखी थोडा. मिस्त्री नुसते तिच्याकडे बघत होते. "दादीजी बरंच घालायच्या," ते हळूच म्हणाले. "कडू झाला तर?" ती म्हणाली आणि बाटलीला बूच लावलं.

मिश्रण कागद लावलेल्या डब्यांत गेलं, डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या, आणि लांब दांड्याच्या फळीवरून सगळे डबे भट्टीच्या पोटात. गमल्याच्या कडेला बरंच काही चिकटून राहिलं होतं. ते मिस्त्रींनी हातानं निपटून एका दुधाच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि तिला विचारलं, याचं काय करू? तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "अंकलना द्या. मघापासून बसलेत." नको नको म्हणायची आपली रीत मी पाळली, फार ताणली नाही.

केक भाजायला दीड तास. तेवढ्यात पिवळी टॅक्सी करून उत्तरेकडे एक चक्कर मारली. वाटेत रायटर्स बिल्डिंग लागली. फोर्ट विल्यम कॉलेज काही काळ याच इमारतीत भरायचं, आणि तिथले मराठीचे अध्यापक विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीनं १८०५मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. मराठीचं हे व्याकरण पुण्या-मुंबईत नव्हे, हुगळीच्या काठी श्रीरामपूरच्या छापखान्यात झालं. १८१०चा कोशही तिथलाच, मराठी शब्द मोडीत छापलेला. टॅक्सीवाल्या बिहारी बंधूंना हे सांगून पाहिलं. त्यांनी मान डोलावली आणि हॉर्न वाजवला.

ब्रेबोर्न रोडवर थोड्या थोड्या अंतरावर तीन धर्मस्थळं आहेत. पोर्तुगीज चर्च, म्हणजे १७९९चं रोझरी कॅथिड्रल, रंगवून-सजवून तयार होतं, गोठा मांडणं चालू होतं. शेजारी १८८४चं मागेन डेविड सिनेगॉग, लाल विटांचं, त्याची देखभाल करणारे पिढ्यान्‌पिढ्यांचे मुसलमान. आणि मागच्या गल्लीत, अत्तरं आणि पॅकिंगच्या खोक्यांच्या बाजारात दडलेलं १७२४चं आर्मेनियन चर्च. तिथे चिटपाखरू नव्हतं. ना चांदणी, ना दिवा. आर्मेनियन लोकांचा नाताळ ६ जानेवारीला असतो, त्यामुळे २४ डिसेंबर त्यांच्या लेखी साधा दिवस. गावभर धामधूम चाललेली असताना त्या अंगणात पायांखाली सगळ्या थडग्यांच्या फरश्या आणि मी एकटा. दिवसभरातली तेवढीच शांतता वाट्याला आली.

तालतल्याला परतलो तर माझा डबा काढून ठेवलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, गरम. मुलगी डबे घेऊन गेली होती. मिस्त्रींनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळचं पार्क स्ट्रीट मी आटोपतं घेतो, कारण ते सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं असतं. रस्ताभर दिव्यांच्या कमानी, ॲलन पार्कमध्ये गाणी, पोलिसांनी गाड्या वळवलेल्या आणि माणसांचा असा लोंढा, की आपण चालत नाही, वाहतो. सगळ्यांच्या डोक्यावर लाल टोप्या किंवा लुकलुकणारी शिंगं. रस्त्याचं पूर्वीचं नाव बेरियल ग्राउंड रोड, म्हणजे कबरस्तानाचा रस्ता. टोकाला १७६७चं जुनं दफनस्थान आहे, त्यावरून. त्या नावाच्या रस्त्यानं पुढे इतकी मौज करावी हा कोलकात्याचा स्वभाव. १९२७मध्ये एका स्विस जोडप्यानं काढलेल्या फ्लुरीजसमोर उभं राहायला जागा नव्हती. ट्रिंकाज बाहेरूनच पाहिलं. १९६९मध्ये कांजीवरम नेसून उषा उथुप इथे गायला लागल्या. पलीकडे ब्लू फॉक्स होतं, तिथे गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस सॅक्सोफोन वाजवत. एका हॉटेलात (नाव कशाला?) जेवायला नंबर लावला, सव्वा तास ताटकळलो, आणि मग कळलं की यादीचं ते पानच हरवलंय. रागानं कोपऱ्यावर एक काठीरोल खाल्ला. तो झकास होता.

पार्क स्ट्रीट ते सेंट्रल मेट्रोनं तीन स्टेशनं. बाहेर पडून बोबाजार पोलीस ठाण्यामागच्या गल्लीत शिरलं की बो बॅरॅक्स. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी बांधलेल्या लाल विटांच्या या तीन मजली चाळी, हिरव्या खिडक्यांच्या. लष्कर गेल्यावर त्यात अँग्लो-इंडियन कुटुंबं आली. आता निम्मी नातीगोती मेलबर्न, पर्थ, टोरांटोला. पण डिसेंबरात त्यातली पुष्कळ मंडळी सुटी काढून येतात. इथल्या बेकरीचे मालक बारुआ, म्हणजे चितगावकडचे बौद्ध; त्यांचा विहारही जवळच. सकाळपासूनचा हिशेब मी मनाशी केला: ज्यूंच्या दुकानातला केक, मुसलमान मिस्त्रींच्या हातचा केक, गोवेकरांची मॅकरून, बौद्धांची बेकरी.

चाळींच्या मधल्या बोळात डोक्यावर दिव्यांच्या माळा, एका टोकाला स्टेज, हाउजीचे आकडे पुकारणारा माईक, आणि पोराटोरांपासून आजोबांपर्यंत नाचणारी माणसं. जवळपास कुणी अनोळखी नव्हतंच, मी सोडून. जिन्याशेजारी वेताच्या खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. फुलाफुलांचा फ्रॉक, त्यावर शाल, पायांत लोकरी मोजे. शेजारी छोट्या टेबलावर घरी केलेल्या आल्याच्या वाइनच्या बाटल्या आणि बशीत कुलकुल. कुलकुल म्हणजे आपल्या शंकरपाळ्यांची शिंपल्याच्या आकाराची ख्रिस्ती बहीण. गोव्याकडेही नाताळात असतेच. मी वाइन घेतली, घशात आग उतरली. बसायला त्यांनी पायानंच स्टूल पुढे सरकवलं.

रिकाम्या हातानं पाहुणचार घेणं बरं दिसेना. पिशवीत नाहूमचा केक होता, पण तो हिचा. मी वर्तमानपत्र सोडलं आणि दुधाचा डबा पुढे केला. बाईंनी केक काढला, मोडून अर्धा डब्यात ठेवला, अर्धा नाकाशी धरला, मग तुकडा तोंडात टाकून डोळे मिटले. स्टेजवर कुणाची तरी हाउजी लागली, आरडाओरडा झाला; बाईंचं लक्ष नव्हतं.

"दुकानातला नाही हा," त्या हिंदीत म्हणाल्या. "तालतल्याचा."

मी मान हलवली.

"हात चांगला आहे मिस्त्रीचा. पण काळी साखर कमी पडलीय. घाबरलीय ती." त्यांनी आणखी एक तुकडा मोडला. "पहिल्यांदाच करत असणार. कोण आहे?"

मला तिचं नाव ठाऊक नव्हतं. आजीच्या वहीची गोष्ट मात्र सांगितली. बाई ऐकत ऐकत खात राहिल्या. पुढच्या वर्षी बरोबर घालेल, म्हणाल्या, आणि डब्यातल्या उरलेल्या अर्ध्यावर बशी पालथी घालून डबा आपल्या खुर्चीखाली सरकवला.